धर्मपाल तायडे आंघोळीला गेले आहेत

फोनचं खोकं हातात पडलं तेव्हा धर्मपाल तायड्यांनी आधी फोन चालू केला नाही. आधी त्याची पाठ उघडली. अमरावतीच्या तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक म्हणून काढलेल्या माणसाचा, आतून पाहिल्याशिवाय कशावरही विश्वास बसत नाही. लग्नाच्या वेळी हा नियम पाळता आला नव्हता, तेवढा एकच अपवाद, आणि तो मात्र आयुष्यभर उत्तम निघाला होता.

शेजारचे केशवराव कुंपणावरून बघत होते. केशवरावांचा भातकुली रस्त्याला झेंडूचा मळा आहे, आणि पहाटे फुलं बाजारात पोचली की उरलेला दिवस ते सल्ल्यासाठी मोकळे असतात.

"या फोनचं इशेष काय हाय म्हणता, भौ?"

तायड्यांनी सांगितलं. हा मुक्त फोन. याच्यातला प्रोग्राम कोणा कंपनीच्या कुलपात नाही, वाटेल त्याने वाचावा, वाटेल त्याने दुरुस्त करावा. पाच स्क्रू काढले की बॅटरी बदलता येते. आणि कडेला ही तीन बारकी बटणं. एक माइकचं, एक कॅमेऱ्याचं, एक नेटवर्कचं. बटण खाली केलं की त्या भागाची वीजच तुटते, मग कोणाचा बाप आला तरी ऐकू शकत नाही.

"म्हंजे फोन बंद कराले तीन बटनं," केशवराव म्हणाले. "आमच्या फोनले एकच हाय."

तायड्यांनी स्क्रू घट्ट केले. अशा माणसांना उत्तर द्यायचं नसतं हे ते प्रयोगशाळेत शिकले होते.

खरं कारण त्यांनी केशवरावांनाच काय, पुण्यातल्या मुलाला, स्वप्निललाही सांगितलं नव्हतं. जमुनाबाई जाऊन दीड वर्ष झालं होतं. फोटो भरपूर होते, पण आवाज एकच होता. जुना फोन येणारा प्रत्येक कॉल आपला आपण साठवून ठेवायचा, आणि त्यात एकदा सिलेंडरवाल्याचा फोन आलेला असताना तो जमुनाबाईंनी उचलला होता. त्या म्हणाल्या होत्या, "ते आंघोळीले गेले. थोड्या वेळानं लावा." अकरा सेकंद. तायडे रोज सकाळी चहानंतर ते अकरा सेकंद ऐकायचे आणि मग खरोखरच आंघोळीला जायचे. फेब्रुवारीत त्या फोनमध्ये कुठलंसं अपडेट शिरलं आणि फोन धुतल्यासारखा कोरा झाला. दुकानदार म्हणाला, "काका, आता फोन एकदम नवा झाला ना!" त्या दिवशी तायड्यांनी ठरवलं की यापुढे फोन असा घ्यायचा, ज्याच्यात आपली वस्तू आपलीच राहील.

जुन्या फोनचं मेमरी कार्ड तेवढं वाचलं होतं. त्यावर तीन हजारांवर कॉल होते आणि नावांच्या जागी नुसते आकडे. त्यात त्या अकरा सेकंदांची नक्कल असेल किंवा नसेल. ते कार्ड नव्या फोनमध्ये घालून एकेक फाइल ऐकत जायचं, दुसरा मार्ग नव्हता.

आता नवा फोन. पहिले दोन दिवस त्याला वाचाच नव्हती. स्पीकरचा प्रोग्राम अजून कोणी लिहून पुरा केला नव्हता. तायड्यांना त्याचं काही वाटलं नाही, त्यांनी तेवढ्यात बाकीच्या सोयी चालू करून घेतल्या. पंचांग होतं, होकायंत्र होतं, भूकंपमापक होता. एक सोय अशी होती की मालकाने फोन उचलला नाही तर फोन स्वतःच उचलून निरोप ऐकवेल. कोणता निरोप ऐकवू, असं फोनने विचारलं आणि समोर कार्डवरची यादी मांडली. तायड्यांनी त्यातली दिसायला सगळ्यात लहान फाइल निवडली, फोनने ती कार्डवरून उचलून आपल्या पोटात घेतली आणि तायडे पुढे सरकले. ऐकून बघायची सोयच नव्हती. मुका फोन, घाईचा माणूस.

नेटवर्कची गोष्ट निराळीच. सिमकार्डाच्या दुकानातल्या मुलीने फोन उलटासुलटा केला, आपल्या यंत्रावर त्याचा नंबर टाकला आणि म्हणाली, "काका, हा फोन यादीत नाही."

"कोणत्या यादीत?"

"फोनच्या."

"मग हातात काय आहे?"

तिने पुन्हा यादी बघितली. यादीत नव्हताच. शेवटी तायड्यांनी स्वतः चार दिवस खटपट करून सिम जागं केलं. सिग्नल घरात कुठेच येत नव्हता, फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीवर, भातकुलीच्या दिशेला फोन उभा केला की दोन काड्या. तेव्हापासून फोन टाकीवर, उन्हासाठी केशवरावांकडच्या फुलांच्या पाटीखाली राहायला गेला, आणि कार्ड काढून तायडे खाली संगणकावर एकेक फाइल ऐकायला लागले. आणि त्याची झोप गाढ होती. तासभर हात लावला नाही की तो असा झोपायचा की कॉल आला तरी घंटी वाजत नसे. आठवडाभर तायड्यांना एकही फोन आला नाही. बाजूच्या घरांत घंट्या वाजत, त्या ऐकून त्यांना जरा एकटं वाटे. आपल्याला जग विसरलं, असं त्यांनी धरून चालायला सुरुवात केली.

जग विसरलेलं नव्हतं. पण जग विचित्र वागायला लागलं होतं.

आधी दूधवाला. तो रोज दारात उभा राहून हाक मारायचा, तो पिशवी फाटकाला अडकवून पळायला लागला. मग विहारात रविवारच्या वंदनेला तायडे बसले तर त्यांच्या आजूबाजूची जागा रिकामी राहिली. बाहेर चपला घालताना एक जुने सहकारी जवळ आले, खांद्यावर हात ठेवला, काही बोलायला गेले आणि "जयभीम" म्हणून निघून गेले. केशवराव तर कुंपणावर येईनासेच झाले. एकदा आले ते तायड्यांच्या तोंडाकडे न बघता त्यांच्या खांद्यावरून आत, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले.

"आज सकाळी साडेआठले तुमी आंघोळ करून राह्यले होते का?"

"हो. का?"

केशवरावांचा चेहरा उतरला. "काई नाई," ते म्हणाले. "इचारलं." आणि उलट्या पावलांनी घरात गेले.

एखाद्या सभ्य माणसाच्या आंघोळीची वेळ सगळ्या वस्तीला माहीत असावी, ही गोष्ट तायड्यांना मुळीच आवडली नाही. दोन दिवसांनी सत्यभामाबाईंनी, म्हणजे केशवरावांच्या मिसेसनी, कुंपणावरून झेंडूची ओंजळभर फुलं दिली. "भाऊजी, हे वैनीच्या फोटोले," त्या म्हणाल्या, आणि आवाज खाली आणून, "त्याईले म्हना, आमचं काई चुकलं असंन तं माफ करा. त्या दिवशी मी घाबरून फोन ठेवून देल्ला." तायडे फुलं घेऊन उभेच राहिले. काय म्हणायचं, कोणाला म्हणायचं, त्यांना काही उमगलं नाही. पण मानेवर काटा आला, आणि वैज्ञानिक दृष्टिकोन असलेल्या माणसाच्या मानेवर भर दुपारी काटा यावा याचा त्यांना रागही आला.

मग शिधापत्रिकेचं पत्र आलं.

त्याचं असं होतं. तायड्यांचं कार्ड पांढरं, धान्य वगैरे काही मिळत नाही, नुसतं पुराव्यापुरतं. त्यावरून जमुनाबाईंचं नाव कमी करायला हवं होतं. दीड वर्ष त्यांनी ते केलं नाही. अर्ज तीनदा आणला, तीनदा ड्रॉवरमध्ये ठेवला. शेवटी सगळ्या सदस्यांची पडताळणी निघाली तेव्हा मन घट्ट करून, दाखला जोडून अर्ज दिला. त्याचं उत्तर हातात होतं. "अर्ज नामंजूर. सदस्याशी दूरध्वनीवर बोलणे झाले. सदस्य घरी हजर."

तायडे तसेच चपला घालून कार्यालयात गेले. खिडकीत प्रियदर्शनी मॅडम होत्या. तिशीच्या, चष्म्याच्या, नीटनेटक्या.

"मॅडम, ही बाई दीड वर्षापूर्वी वारली. दाखला जोडला आहे."

"दाखला पाह्यला ना सर. पण पडताळणीचा फोन मीच केला होता. तुमच्याच नंबरवर. बाईंनी उचलला."

"कोणत्या बाईंनी?"

"ते मी कशी सांगू? तुमच्या घरचं तुम्हाले माहीत. मी म्हटलं, धर्मपाल तायडे आहेत का, तर म्हणाल्या, आंघोळीले गेले, थोड्या वेळानं लावा. घरातल्या बाईसारखंच बोलल्या, सर. तीनदा लावला, तिन्ही वेळा आंघोळ." प्रियदर्शनी मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "आता बाई हयात असतील तर अर्ज खोटा. वारल्या असतील तर फोनवर कोण होतं, याचा खुलासा द्या. सात दिवसांत. दोन प्रतींत."

मागे रांगेतली माणसं पुढे सरकून ऐकत होती. एका म्हाताऱ्या बाईने तायड्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि नाक मुरडलं. कार्यालयाच्या पायऱ्या उतरताना तायड्यांना कळलं की अमरावतीत आता आपल्याबद्दल दोन मतं असणार. अर्ध्यांच्या मते घरात बायकोचं भूत आहे आणि उरलेल्या अर्ध्यांच्या मते भलतीच कोणी बाई आहे. यातलं कोणतं मत जास्त अपमानाचं, हे त्यांना घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही.

घरी पोचले तर पायरीवर माया बसलेली. मायाबाई म्हणजे त्यांची धाकटी बहीण, अकोल्याला शाळेत मुख्याध्यापिका. पिशवी मांडीवर, डोळे लाल.

"दादा, काल तुले फोन लावला," ती म्हणाली. "वहिनीनं उचलला."

"माया, तूसुद्धा?"

"मी वहिनीचा आवाज वळखत नाई का? तीस वर्षं आयकला. मी म्हटलं, वहिनी, तर काई नाई बोलली. फोन कटला. मी तशीच वर्गात खाली बसली. पोरायनं पानी आनलं."

"आपण भूतबीत मानत नाही."

"भूत मी बी नाई मानत," माया म्हणाली. "वहिनीले मानतो."

आणि त्याच क्षणी तायड्यांच्या डोक्यात उजेड पडला. आंघोळ. थोड्या वेळानं लावा. सगळ्यात लहान फाइल. ते जिना चढून गच्चीवर धावले, साठीचे गुडघे विसरून. टाकीवर फोन भातकुलीकडे तोंड करून शांत झोपला होता. कार्डवर ती होती. आठवडाभर आपण खाली चारशे बारा फाइली ऐकल्या, सिलेंडर, वीजबिल, मायाचा एक-एक तास, आणि ती इथे टाकीवर बसून सगळ्या गावाशी बोलत होती. दूधवाल्याशी, सत्यभामाबाईंशी, सरकारशी. एक आपल्याशीच नाही. तायड्यांना एवढी असूया आयुष्यात कधी वाटली नव्हती, तीही दूधवाल्याची.

त्यांनी फोन उचलला, निरोपाची सोय उघडली. निरोप बदलण्याचं बटण होतं, पुसण्याचं होतं. ऐकण्याचं नव्हतं. या फोनवाल्यांचा जगभरातला एक चर्चाफलक आहे, तिथे त्यांनी मायाच्या फोनवरून इंग्रजीत प्रश्न टाकला की माझी बायको माझा फोन उचलते, ती वारलेली आहे, मला तिचा आवाज ऐकायचा आहे, काय करावं. उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशातल्या माणसाचं उत्तर आलं, की आपण कोणती आवृत्ती वापरता? तायड्यांनी आवृत्ती कळवली. त्यावर तो म्हणाला, या आवृत्तीत निरोप ऐकण्याचं बटण राहून गेलं आहे. फाइल नेमकी कुठे साठते ते शोधून सांगतो, तोवर स्वतःच स्वतःला फोन करा. फोन मात्र झोपलेला असायला हवा. सांत्वनाचा शब्द नाही, पण माणूस मदतीचा होता.

फोन झोपवायचा म्हणजे त्याला तासभर हात लावायचा नाही. दुपारी दोन वाजता तायड्यांनी फोन टाकीवर ठेवला आणि खाली येऊन बसले. दहा मिनिटांनी वर गेले, काड्या आहेत ना बघायला. फोन जागा झाला. पुन्हा ठेवला. वीस मिनिटांनी वाटलं, चुकून नेटवर्कचं बटण तर पडलं नसेल. पुन्हा वर. फोन जागा. संध्याकाळपर्यंत त्यांनी चौदा वेळा जिना चढला आणि मायाच्या फोनवरून लावलेला प्रत्येक कॉल ठणठणीत घंटी वाजवत आला. आठवडाभर ज्या घंटीची वाट पाहिली, तिचा आता संताप येत होता.

"तू इथं हायेस तवर तू त्याले झोपू देनार नाईस," माया म्हणाली. "चाल माझ्यासंगं अकोल्याले. सकाळच्या गाडीनं."

"पुसून गेला तर? मागच्या वेळी असाच..."

"म्हनून तं म्हनतो, चाल."

फोन केशवरावांच्या हवाली करायचा ठरलं. केशवराव फोनला हात लावायला तयार नव्हते. शेवटी सत्यभामाबाईंनी डोळे वटारले तेव्हा कबूल झाले. तायड्यांनी सूचना दिल्या. टाकीवर उभा ठेवायचा, भातकुलीकडे तोंड, वरून फुलांची पाटी पालथी घालायची, एप्रिलचं ऊन आहे, फोन तापला की बिघडतो, सगळं जाईल. आणि ठेवल्यावर पुन्हा हात लावायचा नाही.

"हात लावाचं काईच कारन नाई," केशवराव कळवळून म्हणाले.

बडनेऱ्याला गाडी धरली. मूर्तिजापूर गेलं, बोरगाव गेलं, तायडे खिडकीतून बघत होते पण दिसत काही नव्हतं. एकदा त्यांनी सवयीने खिसा चाचपला आणि हात तसाच ठेवला. अकोल्याला मायाच्या घरी पोचले तेव्हा साडेअकरा झाले होते. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कूलर घरघरत होता, तो मायाने बंद केला, आपला फोन भावाच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली, पाठ करून.

तायड्यांनी आपलाच नंबर दाबला. तिकडे घंटी गेली. एक, दोन, पाच. मग खट् आवाज झाला.

"ते आंघोळीले गेले. थोड्या वेळानं लावा."

तोच आवाज. शेवटी जरा वर जाणारा, घाईत असल्यासारखा, कारण ती नेहमी घाईतच असायची. तायड्यांना ठाऊक होतं की अकरा सेकंद आहेत, संपतील. तरीही तोंडातून निघालं, "जमुना, मी बोलून राह्यलो."

पलीकडे शांतता होती. फोन कटला नव्हता. दूरवर कावळा ओरडल्यासारखं काहीतरी, गच्चीवर ओरडतात तसं.

"मंग फोन उन्हात कावून ठेवला?" जमुनाबाई म्हणाल्या. "तापून राह्यला ना तो."

आणि कटला.

मायाने विचारलं, "आयकलं?" त्यांनी मान हलवली. डोळ्यांतून पाणी येत होतं. मग त्यांनी केशवरावांना फोन लावला.

"केशवराव, फोनवर पाटी घाला."

"तुमाले कसं समजलं?" केशवरावांचा आवाज पार खोल गेला होता. "भौ, खरं सांगतो, मी काठीनं सरकवला तो टाकीवर. अन् जीव घेऊन खाली पळालो. पाटी खालीच राह्यली. पन घरात कोनी नवतं, सत्यभामा बी मळ्यात हाय. कोनं सांगतलं तुमाले?"

"ठेवा पाटी," तायडे म्हणाले. "हळू ठेवा."

केशवरावांनी पाटी ठेवली. नंतर त्यांनी सगळ्यांना सांगितलं की फोन हातभर अंतरावरून भाजत होता, आणि अजून अर्धा तास गेला असता तर संपला असता. ते सांगताना ते दर वेळी तायड्यांच्या गच्चीकडे पाठ होणार नाही असे बसत.

चौथ्या दिवशी थंड देशातल्या माणसाने फाइलीचा पत्ता कळवला. तायड्यांनी ती संगणकावर घेतली, तीन ठिकाणी नक्कल करून ठेवली, मग ऐकली. अकरा सेकंद. दोन वाक्यं. त्यापुढे काहीही नव्हतं, सिलेंडरवाल्याचं "बरं बाई"सुद्धा अर्धवट तुटलेलं. त्यांनी ती पुन्हा पुन्हा ऐकली, हेडफोन लावून ऐकली, प्रयोगशाळेतल्या सवयीने लहरींचं चित्र काढून बघितलं. उन्हाचा शब्द त्यात कुठेच नव्हता. थंड देशातल्या माणसाने विचारलं, सगळं व्यवस्थित आहे ना? नवीन आवृत्ती आली आहे, तीत घंटी वाजते आणि फोन आपोआप उचलण्याची गडबड पूर्ण बंद केली आहे, घेता का? तायड्यांनी फार विचार करून, आभार मानून, नको म्हणून कळवलं.

सातव्या दिवशी ते शिधापत्रिकेच्या खिडकीशी गेले. प्रियदर्शनी मॅडमनी दोन प्रतींतला खुलासा मागितला. तायड्यांनी खुलासा लिहिलाच नव्हता. नाव कमी करण्याचा अर्ज मागे घेतो, म्हणाले.

"असा कसा मागे घेता, सर? पडताळणीत सदस्याले हजर राहा लागते. कार्ड बंद पडू शकते."

"पडू द्या. तसंही नुसतं पुराव्यापुरतंच आहे."

मॅडमनी फाइल पुढे ओढली, पेन उघडलं आणि जरा मऊ आवाजात विचारलं, "कारण काय लिहू?"

"मागं तुम्ही जे लिहिलं होतं तेच लिहा," तायडे म्हणाले. "सदस्याशी दूरध्वनीवर बोलणं झालं. माझंही झालं."